भावजींच्या नावाचं रक्त

४ जून

भावजी,

पत्र मुद्दाम गोदीच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी पाठवलं असतं तर तुमच्या बायकोने, आमच्या धाकटीने आधी फोडलं असतं, आणि हे आधी तुम्ही एकट्याने वाचायला हवं. फोन केला असता, पण फोनवर तुम्ही दोन विनोद करून विषय कुठल्या कुठे नेता आणि मीही हसून फोन ठेवते. कागदावर प्रश्न निदान जागेवर तरी राहतो.

तुमच्या गोदीच्या वार्षिक तपासणीचं रक्त आमच्या लॅबकडे आलं. तुमच्या नावाची ट्यूब मी दरवर्षी स्वतः मशीनला लावते, हे तुम्हाला ठाऊक आहे. यंदा साखर उत्तम, चरबी उत्तम, यकृत तर एखाद्या खेळाडूचं वाटावं. मी खूश व्हायला हवं होतं.

पण मी एक जास्तीची तपासणी करते, जी तुमची कंपनी सांगत नाही. तुमचे दादा गेले तेव्हा मी तुमचं रक्त मागून घेतलं होतं, आठवतं ना? रक्तात चरबी वाहून नेणारं एक प्रोटीन असतं, लायपोप्रोटीन-ए. ते जास्त असलं की हृदयाच्या धमन्या आतून लवकर बुजत जातात. दादांचं जास्त होतं, ते गेल्यावर कळलं. तुमचंही निघालं. दरवर्षी मी ते बघते आणि दरवर्षी तसंच चढं येतं. यंदा ते जवळजवळ नाहीच.

हे प्रोटीन माणूस जन्माला येताना घेऊन येतो. पथ्याने, चालण्याने ते असं उतरत नाही. म्हणून सरळ विचारते, त्या दिवशी दवाखान्यात काही गोंधळ झाला होता का? नळ्यांवरची नावं उलटसुलट चिकटवली गेली असतील, तर तुमचं रक्त कुणा दुसऱ्याच्या नावावर गेलं असेल. अहवाल माझ्या सहीसाठी थांबला आहे.

आई बऱ्या आहेत. गुडघ्यांची कुरकुर आहे, पण माझ्यावर डाफरण्याइतकी ताकद शाबूत आहे.

वहिनी

९ जून

वहिनी,

सुरुवातीला 'तीर्थरूप' घालणार होतो, पण तुम्ही म्हणाल, काहीतरी लपवतो आहे. म्हणून नुसतंच वहिनी.

आयुष्यात पहिल्यांदा माझा रिझल्ट चांगला लागला आणि तुम्ही पेपर पुन्हा तपासायला काढलात. शाळेतल्या मास्तरांनीसुद्धा माझ्यावर इतका अविश्वास दाखवला नव्हता. अहो, मी तळलेलं सोडलं आहे. रात्री अर्धपोटी उठतो. आमची ही तर म्हणते, तुम्ही ताटाकडे असे बघता की ताटालाच वाईट वाटतं. त्याचा काही उपयोग होणार की नाही? नाहीतर तुमच्या मशीनचं काहीतरी बिनसलं असेल. आमच्या क्रेनचा वजनकाटासुद्धा अधूनमधून खोटं सांगतो, मग आम्ही त्याला एक थाप मारतो.

दवाखान्यात गोंधळ वगैरे काही नाही. नवीन सिस्टर आहेत, नाव पुकारतात, माणूस खुर्चीत बसतो, रक्त घेतात, पुढचा.

सही मात्र लवकर करा. नव्या धक्क्यावर मोठी क्रेन आली आहे. ती चालवायला माझं नाव पहिलं आहे, पण तब्येतीचा दाखला लागतो. अशी क्रेन माणसाला एकदाच मिळते. सध्या जुन्या क्रेनवरच आहे. तिची लिफ्ट बिघडली आहे, त्यामुळे शिडीने चढतो. मध्ये एकदा टेकतो, समुद्र बघतो, मग पुढे. एवढा व्यायाम कोण करतं सांगा.

फोन नाही केलात ते बरं झालं. तुमचा आवाज ऐकला की मला नीट बोलता येत नाही.

तुमचा आज्ञाधारक
भावजी

१३ जून

भावजी,

मशीनला थाप मारली. एकदा नाही, तीनदा. माझं स्वतःचं रक्त लावून बघितलं, माझा आकडा जसाच्या तसा आला. मशीन शहाणं आहे.

मग त्या दिवशी गोदीतून आलेल्या सगळ्या नळ्या काढल्या आणि एकेक लावली. म्हटलं, अदलाबदल झाली असेल तर आपल्या घरचा तो चढा आकडा कुणाच्या तरी नावावर सापडेल. एकाही नळीत नाही. म्हणजे नावांची चूक झालेली नाही. त्या दिवशी तुमचं रक्त घेतलंच गेलेलं नाही.

तुमच्या नावाच्या नळीत जे आहे, ते तुमचं नाही भावजी. कुणाचं आहे ते मला ठाऊक नाही, आणि तुम्हाला ठाऊक आहे. पत्रात तुम्ही दवाखान्याचं सगळं सांगितलंत. सिस्टर पुकारतात, माणूस बसतो. 'मी बसलो' असं कुठेच लिहिलेलं नाही.

दुसरं. शिडीवर मध्ये टेकता आणि समुद्र बघता. रोजचा समुद्र. इतकी वर्षं त्याच्या उरावर बसून काम करता, तेव्हा त्याचं काही कौतुक नव्हतं. टेकता तेव्हा नेमकं काय होतं? छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं? जबडा किंवा डावा हात जड होतो? घाम येतो? टेकल्यावर थांबतं?

तुमचे दादा शेवटच्या वर्षी आमच्या घरच्या चढावर दर दुकानापाशी थांबायचे. भांड्यांचं दुकान, चष्म्यांचं दुकान, सगळीकडे काचेत डोकावून बघायचे. मी चिडवायचे, म्हणायचे, म्हातारपणी खरेदीचा नाद लागला वाटतं. ते हसायचे आणि श्वास खाली बसला की पुढे चालायचे. काचेत ते काय बघत होते ते मला नंतर कळलं.

तुमच्या समुद्राची मला भीती वाटते. खरं काय ते लिहा.

वहिनी

१८ जून

वहिनी,

तुम्हाला पोलिसात घ्यायला हवं होतं.

रक्त आमच्या खुणावाल्याचं आहे. क्रेनखाली उभा राहून मला हाताच्या खुणा करतो तो. वरून मला खालचं बोलणं ऐकू येत नाही, माल कुठे टेकतो आहे तेही पुरतं दिसत नाही. त्याचे हात सांगतात तसं मी करतो. नऊ वर्षं आम्ही असं काम करतो आहोत. हिच्याशी झालं नसेल इतकं बोलणं त्याच्या हातांशी झालं आहे. मीच त्याला म्हटलं. माझं नाव पुकारलं आणि तो जाऊन खुर्चीत बसला. हेल्मेट घातलं की सगळे सारखेच दिसतात. पोरगा धडधाकट आहे, पळत शिडी चढतो. मला वाटलं, रक्त म्हणजे रक्त, तुम्ही साखर बघाल, चरबी बघाल आणि सही ठोकाल. त्यात कुणाचं घराणं लिहिलेलं असतं हे मला काय माहीत.

आता तुमच्या प्रश्नांची उत्तरं. हो, छातीवर बसल्यासारखं होतं. शिडीवर होतं आणि टेकलं की जातं. जबडा दुखतो, मला आधी दाढ वाटली होती. एकदाच वर केबिनमध्ये बसल्याबसल्या झालं. त्या वेळी हूकला काही नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, खाली उतरा. वहिनी, खाली उतरून मी काय करू? खाली मला फाटकाजवळच्या खोलीत बसवतील. येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकांना पावत्या देत. ज्या पोरांना मी क्रेन शिकवली ती वर चढतील आणि मी त्यांना हात हलवून बाय-बाय करीन. मला दुसरं काही येत नाही. दादा शिकले, मी शिकलो नाही, पण वर बसलो की मला माझी लाज वाटत नाही. एवढं एकच ठिकाण आहे तसं.

मोठी क्रेन मिळू द्या. तिला चांगली लिफ्ट आहे, शिडी चढावी लागणार नाही. म्हणजे दुखण्याचा प्रश्नच मिटला. तिथे बस्तान बसलं की तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे येतो, लेकीची शपथ.

तोपर्यंत हिला सांगू नका. आईला तर अजिबात नाही. आणि सही करा. तुमच्यापुढे मी आजवर कधी पदर पसरला नाही, कारण मला पदर नाही. पण आज पसरतो आहे असं समजा.

भावजी

२० जून

अरे,

लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू शाळेत जात होतास, तरी मी तुला पहिल्या दिवसापासून भावजी म्हटलं आणि अहो-जाहो केलं. आज ते जमणार नाही. आज मी तुझ्यावर इतकी चिडले आहे की आदर हाताशी लागत नाही.

लिफ्टने वर गेलास म्हणून धमनी उघडणार आहे का? एकदा बसल्याबसल्या झालं असं तूच लिहितोस. शिडी गेली की दुखणं गेलं, हा हिशेब तू कुठल्या शाळेत शिकलास? दुखणं शिडीत नाही, तुझ्यात आहे. रोज थोडं पुढे सरकतं आहे. आधी चढताना, मग बसल्याबसल्या. तिसरी पायरी काय असते ते मी घरात बघितलं आहे. स्वयंपाकघराच्या दारात बघितलं आहे.

आणि तुला एक गोष्ट सुचलेली दिसत नाही, म्हणून मी सांगते. वर केबिनमध्ये तुला झटका आला आणि तुझा हात दांड्यावरून सुटला, तर हूकला लटकलेलं ओझं कुणावर येईल? खाली कोण उभं असतं? ज्याने बिचाऱ्याने तुझ्यासाठी बाही वर केली तोच उभा असतो. तुझ्या नावाने स्वतःचं रक्त देऊन तो परत तुझ्या हुकाखाली जाऊन उभा राहतो, आणि तू त्याला धडधाकट म्हणतोस. त्याला छातीत दुखतं हे सांगितलं आहेस का? खरं सांग. नसेलच सांगितलं.

सही मी करणार नाही. तुला वाटेल, वहिनीचं काळीज दगडाचं. वाटू दे. 'नमुना वापरण्याजोगा नाही, पुन्हा घ्यावा' असं लिहून अहवाल परत पाठवते आहे, म्हणजे त्या पोराचं नाव कुठे येणार नाही. पण त्याने तू खाली येणार नाहीस हे मला कळतं. दाखला मिळेपर्यंत जुन्या क्रेनवर चढतच राहशील.

म्हणून ऐक. इथल्या हृदयाच्या डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं आहे. येत्या शनिवारपर्यंत तू इथे ये. आला नाहीस तर मी धाकटीला सगळं सांगणार. तू माझ्याशी जन्मभर बोलला नाहीस तरी चालेल. बोलायला जिवंत असलास की झालं.

लाज कसली रे वाटते तुला खाली? दादा तुझ्या क्रेनचा फोटो पाकिटात घेऊन फिरायचे. बँकेतल्या लोकांना दाखवायचे, हा माझा धाकटा, आकाशात बसतो म्हणून. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं वाटतं.

वहिनी

२८ जून

अरे,

शनिवार येऊन गेला. पत्र नाही. फोन वाजतो आणि बंद होतो, म्हणजे तू जिवंत आहेस आणि हट्टी आहेस एवढं कळलं.

आज सकाळी मी धाकटीला सांगितलं. रक्ताचं, शिडीचं, दाढेचं, सगळं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "आता कामावर गेलेत. बघते मी." आणि फोन ठेवला. त्यानंतर तीही फोन उचलत नाही.

हे पत्र तुला मिळेल तेव्हा काय झालेलं असेल मला माहीत नाही. माझ्यावर राग काढायचा तर काढ. मी इथे लॅबमध्ये बसले आहे आणि माझे हात कामाला लागत नाहीत. नळीवरचा नंबर दोनदा चुकले, शेवटी दुसऱ्या कुणाला बसवलं.

वहिनी

१४ जुलै

वहिनी,

अक्षर वेडंवाकडं आहे कारण उशीला टेकून लिहितो आहे. खोकलं की छातीचे टाके आठवण करून देतात, त्यामुळे विनोद कमी असतील.

त्या दिवशीचं तुम्हाला हिने सांगितलं असेलच. पण ती खालून बघत होती, वरून काय दिसलं ते मलाच माहीत.

तुमचं वीस तारखेचं पत्र खिशात होतं. उत्तर लिहायला बसायचो आणि काही सुचायचं नाही. खुणावाल्याला सांगितलं होतं का, असं तुम्ही विचारलंत. नव्हतं सांगितलं. ते वाचल्यापासून त्याच्याकडे वरून बघवत नव्हतं, तरी चढतच होतो. उद्या सांगू, हे जहाज रिकामं होऊ दे, असं चाललं होतं.

दुपार नव्हती झाली. हूकला कंटेनर होता, जहाजावरून उचलून धक्क्याकडे आणत होतो. आमच्यात एक नियम आहे. उचल, सोड, फिरव या खुणा एकाच माणसाच्या मानायच्या, दुसरा कितीही हातवारे करो. पण दोन्ही हात आडवे पसरून केलेली 'थांब' ही खूण कुणीही करू शकतो. साहेब असो, झाडूवाला असो, परका असो. ती दिसली की विचार करायचा नाही, थांबायचं. पहिल्या दिवशी हेच शिकवतात आणि मीही पोरांना पहिल्यांदा हेच शिकवलं आहे.

तर धोक्याची हद्द दाखवणाऱ्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे कुणीतरी दोन्ही हात पसरून उभं दिसलं. हेल्मेट एवढं मोठं की नाकावर आलेलं. मी थांबवलं. मग नीट बघितलं तर आमची ही. घरातल्या कपड्यांत, पायात घरातल्याच सपाता, डोक्यावर फाटकावरच्या पहारेकऱ्याचं हेल्मेट. खूण तिला कुणी शिकवली म्हणाल, तर मीच. ताटात तिसऱ्यांदा वाढून घ्यायला लागलो की टेबलापलीकडून ती हेच करते आणि लेक हसते.

मला भयंकर राग आला. सगळ्या धक्क्यासमोर बायको उभी. खुणावाला तिच्याकडे वळला, तिने त्याला काहीतरी सांगितलं. लांबलचक नाही, दोन वाक्यं असतील. मग तो माझ्याकडे वळला आणि त्यानेही दोन्ही हात आडवे पसरले. नऊ वर्षांत त्याने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं. मग बाजूला सरकून, सगळ्यांना मागे हटवून, त्याने 'हळू सोड'ची खूण केली. कंटेनर खाली टेकवला.

खाली उतरलो. हिला काय काय बोलायचं ते शिडीवर ठरवत आलो होतो. ती म्हणाली, "वहिनींनी सांगितलं." मी म्हटलं, "घरी बोलू." ती म्हणाली, "घरी नाही, डॉक्टरकडे." मी खुणावाल्याला म्हटलं, चुकलो. तो म्हणाला, "आधी सांगायचं ना हो काका. मी काय नाही म्हणालो असतो का? खाली नेलं असतं तुम्हाला." आणि तोच टॅक्सी आणायला पळाला.

टॅक्सीत बसलो आणि पुढच्या वळणावर ते आलं. या वेळी टेकून जाणारं नव्हतं. छाती कुणी आवळून धरली आहे आणि सोडतच नाही, असं. ही माझं डोकं धरून बसली होती. मला एकच दिसत होतं, मी वर आहे, हूकला कंटेनर आहे आणि खाली तो उभा आहे. तुम्ही लिहिलं होतं तेच. फक्त मी टॅक्सीत होतो.

पुढचं डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलंच आहे. मुख्य धमनी जवळजवळ बंद, बाकीच्या दोनही तशाच. पायातल्या शिरा काढून छातीत बसवल्या. मी विचारलं, आता पाय चालेल का? ते म्हणाले, तुम्ही चालाल की नाही ते आधी बघू.

कंपनीचे साहेब येऊन गेले. क्रेन गेली. नव्या पोरांना शिकवायला ठेवतील असं म्हणतात, नाहीतर फाटकावरची पावत्यांची खोली. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. भिंतीकडे तोंड करून एकदा रडलो. ही म्हणाली, "रडा, पण खोकू नका, टाके आहेत."

तुम्ही अरे-तुरे केलंत ते तसंच चालू ठेवा. दादा गेल्यापासून मला कुणी अरे म्हटलं नव्हतं, आई सोडून.

भावजी

१९ जुलै

अरे,

आईंना मी सांगितलं. घाबरत घाबरत, आधी बसवलं, पाणी दिलं आणि मग सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. त्याला काही दुखत असलं की तो जास्त हसवायला लागतो. लहानपणी कान दुखायचा तेव्हा तर अख्ख्या घराला हसवायचा." मग त्या उठून आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. रविवारी मी त्यांना घेऊन येते आहे. तेव्हा विनोद करू नकोस, जे दुखतं ते सांग.

लेकीचं रक्त धाकटीने पाठवलं होतं. तुला न विचारता, कारण तू उद्यावर ढकललं असतंस. तिचा आकडा तुझ्याइतका नसला तरी चढाच आहे. घाबरू नकोस. तिला ते विशीत कळलं आहे, तुझ्या दादांना कधीच कळलं नाही. आतापासून बाकी सगळं सांभाळलं तर पुष्कळ काही हातात राहतं. तिला मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काकू, म्हणजे मी खरंच बाबांवर गेले."

आणि काल तुझं रक्त आलं. हॉस्पिटलमधून, ऑपरेशननंतरच्या तपासणीचं. नळीवर तुझं नाव होतं, पण नावावरचा माझा विश्वास आता उडाला आहे. म्हणून बाकी काही बघायच्या आधी तेच प्रोटीन लावलं आणि मशीनसमोर उभी राहिले. बरोबरची मुलगी म्हणाली, मॅडम बसा ना, वेळ लागेल. मला बसवत नव्हतं.

आकडा आला. चढा. दरवर्षी यायचा तेवढाच. ज्याने माझा नवरा नेला आणि तुलाही न्यायला निघाला होता, तो आकडा. त्याच्याकडे बघून मी सगळ्या लॅबसमोर रडता रडता मोठ्याने हसले आणि त्या मुलीला कळेना की रिपोर्ट इतका वाईट असताना मॅडम हसताहेत कशाला. मी तिला म्हटलं, वाईट नाही गं, हा आमचा भावजी आहे.

वहिनी